साखळी तीच हवी: देशाची आणि गावाची झाडं मोजताना

डिसेंबर 2024 मधली सकाळ. रंकाळ्याचा फेरा संपवून आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी कठड्यावर टेकलो होतो. एकानं पेपर उलगडून मोठ्यानं वाचलं, देशातलं वन आणि वृक्षाच्छादन मिळून 1445 चौरस किलोमीटरनं वाढलं. त्यावर राधानगरीकडचा मित्र उसळला. "वाढलं म्हणतोस, मग आमच्या गावावरची टेकडी बोडकी कशी झाली मर्दा?" मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आयुष्यभर भूकरमापक होतो. मोजण्याचा कुठलाही वाद निघाला की तो माझ्या गळ्यात पडतो, अगदी लग्नाच्या मांडवाचासुद्धा.

मी म्हणालो, दोन्ही खरं असू शकतं. कुणाला पटलं नाही. मग माझ्याच गावाची झाडं मोजून बघायची ठरवलं. आमचं गावही राधानगरी तालुक्यातलंच. खाली भोगावतीच्या अंगाला ऊस, मधल्या उतारावर काजू आणि निलगिरी, वर डोंगरात अंजनी-जांभळाचं रान. ग्रामपंचायतीला लोक जैवविविधता नोंदवहीसाठी, म्हणजे गावातली झाडं-प्राणी नोंदवायच्या वहीसाठी, अशी माहिती हवीच होती. तीन महिने लागले, त्यातला दीड महिना चुका निस्तरण्यात गेला. त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी साखळी तपासा

मी नोकरीला लागलो तेव्हा मोजणी साखळीनं व्हायची. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. ओढून ओढून साखळीच्या कड्या ताणायच्या. अर्धा फूट लांबलेल्या साखळीनं शेत मोजलं की शेत कमी भरायचं, आणि बांधावर भाऊबंदांच्या शिव्या सुरू व्हायच्या. जमीन जागेवरच असायची, कडी ताणलेली असायची. म्हणून मोजणीला निघण्याआधी साखळी ठरलेल्या मापाशी लावून बघायची, ही आमची पहिली शिकवण.

देशाच्या आकड्यांनाही तीच लावा. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था दर दोन वर्षांनी देशाचा अहवाल काढते. 2021 च्या अहवालात वन आणि वृक्षाच्छादन मिळून 8,09,537 चौरस किलोमीटर होतं. 2023 च्या अहवालात, म्हणजे त्या सकाळी आम्ही वाचला त्यात, 8,27,357. आता वजाबाकी करा. उत्तर येतं 17,820. पण अहवाल स्वतः वाढ सांगतो 1445. बारा पटीचा फरक!

ही लबाडी नव्हे. मोजण्याची रीत सुधारली की जुना आकडाही नव्या रीतीनं पुन्हा काढावा लागतो आणि मग वजाबाकी करायची असते. अहवालानं तेच केलं. नुसतं वनाच्छादन घ्या. जुन्या छापील अहवालात 7,13,789, नव्यात 7,15,343, सरळ वजाबाकी 1554, पण सांगितलेली वाढ 156. वृक्षाच्छादनात तर जुन्या 95,748 वरून नव्या 1,12,014 वर उडी दिसते, सांगितलेली वाढ मात्र 1289. म्हणून पहिला नियम: दोन वेगवेगळ्या वर्षांच्या अहवालांतले आकडे घेऊन घरी वजाबाकी करायची नाही. अहवालात बदलाचा म्हणून जो आकडा दिलेला असतो तोच घ्यायचा, आणि तोही कुठल्या भागातून आला ते बघायचं. 1445 पैकी 1289 हे वृक्षाच्छादन आहे, म्हणजे नोंदलेल्या वनक्षेत्राबाहेरची, एक हेक्टरपेक्षा लहान झुबक्यांतली आणि सुटी झाडं. शेताच्या बांधावरची, घराच्या परसातली, रस्त्याकडेची. खरं वनाच्छादन वाढलं ते 156, म्हणजे आपल्या राधानगरी अभयारण्याच्या निम्म्याहूनही कमी, तेही अख्ख्या देशात. मित्राची टेकडी बोडकी होऊनही पेपरातली बातमी खरी राहते ती अशी.

याहून मोठी गंमत 1987 ची आहे. तो पहिला अहवाल. त्यात देशाचं वनाच्छादन 6,40,819 चौरस किलोमीटर. आजच्या आकड्यातून वजा करून "जंगल 74 हजारांनी वाढलं" असं कुणी सांगितलं तर त्याला साखळी विचारा. तेव्हाच्या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका 80 मीटरचा होता आणि नकाशा दहा लाखाला एक या प्रमाणाचा. 400 हेक्टरपेक्षा लहान रान त्यावर दाखवताच येत नव्हतं. आज नकाशा पन्नास हजाराला एक, ठिपका साडेतेवीस मीटरचा, आणि एक हेक्टरचं रानही धरतात. कागदावर मांडून बघा: दोन्ही नकाशांवर हा सगळ्यात लहान चौकोन दोन मिलिमीटर बाय दोन मिलिमीटरच भरतो. पण 1987 च्या चौकोनात जवळपास हजार एकर मावायचे, आजच्या चौकोनात अडीच एकर. नऊशे एकरांची देवराई असती तरी त्या पहिल्या नकाशात ती दिसली नसती.

जंगल कशाला म्हणायचं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा

हे टाळलंत तर पुढचं सगळं वाया. वन सर्वेक्षणाची व्याख्या अशी: एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जागा, आणि वरून बघितल्यावर तिच्या किमान दहा टक्के भागावर झाडांच्या शेंड्यांची सावली. मालक कोण, झाड कुठलं, सरकारी कागदावर जमीन कसली, याच्याशी देणंघेणं नाही. म्हणजे आजऱ्याकडची तीन एकरांची काजूबाग जंगल. निलगिरीची लागवड जंगल. आमराई जंगल. मग सावलीच्या प्रमाणानं प्रती पडतात. दहा ते चाळीस टक्के विरळ, चाळीस ते सत्तर मध्यम दाट, सत्तर आणि वर अतिदाट. दहाच्या खाली झुडपी.

जागतिक अन्न व कृषी संघटना अर्ध्या हेक्टरलाच जंगल म्हणते, पण झाड पाच मीटर उंच होणारं हवं आणि फळबागा त्यात धरत नाही. मेरीलँड विद्यापीठाचे जगभराचे नकाशे इंटरनेटवर लोक बघतात, त्यात पाच मीटरपेक्षा उंच झाडी ती झाडी, मग लावलेली असो वा आपसूक वाढलेली. तिथं एखाद्या वर्षी तुमचा डोंगर लाल दिसला तर लगेच मोर्चा काढू नका. निलगिरी कापणीला आली आणि कापली तरी लाल दिसतो. आणि सरकारी कागदावरचं वनक्षेत्र ही वेगळीच चीज: ते देशात 7,75,377 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे उभ्या वनाच्छादनापेक्षा जास्त. कागदावर वन असलेल्या जमिनीवर एक झाड नसूही शकतं. सातबाऱ्यावर भात आणि शेतात ऊस, त्यातलाच प्रकार.

मी माझ्या वहीत लिहिलं: "दोन पुरुष उंचीच्या वरचं खोडाचं झाड, ते झाड. करवंद, कारवी, घाणेरी वेगळी, 'झुडूप' म्हणून. बांबूचं बेट वेगळं. केळ आणि ऊस झाड नव्हे." शेवटचं वाक्य वाचून पुतणी हसली. नंतर तेच सगळ्यात कामाला आलं.

चित्रं कुठली, कुठल्या महिन्याची

युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. कोपर्निकस या त्यांच्याच उपग्रह प्रकल्पाच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, नकाशावर गाव धरायचं, तारीख आणि ढगांचं प्रमाण घालायचं, उतरवून घ्यायचं. याचा एक ठिपका दहा मीटरचा. दहा मीटर म्हणजे 32.8 फूट. माझी जुनी साखळी, वीतभराचासुद्धा फरक नाही! म्हणजे चित्रातला एक ठिपका जवळजवळ एक गुंठा. हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी पुतणीला साखळीवर अर्धा तास ऐकवलं. ती बिचारी भूगोलात एम.एस्सी. झालेली, तिनं ऐकून घेतलं. वन सर्वेक्षण वापरतं त्या चित्रातला ठिपका साडेपाच गुंठ्यांचा, आणि अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा हल्लीचा सुमारे नऊ गुंठ्यांचा. पण लँडसॅटचा साठा 1972 पासूनचा आहे, वडिलांच्या काळातलं रान बघायचं तर तोच.

महिना निवडणं ही खरी कसोटी. जून ते सप्टेंबर सोडून द्या, आपल्याकडं ढगच ढग. ऑक्टोबरात आकाश उघडतं, पण सड्यावरचं गवतही तेव्हा जंगलासारखं हिरवंगार असतं आणि फसवतं. डिसेंबरात गवत पिवळं पडतं, झाडांवर पानं टिकून असतात. मी डिसेंबरच घेतला. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन, किंजळ, नाणा पानं गाळतात, शिवाय वणव्यानं काळे पडलेले उतार तोडीसारखे दिसतात आणि पाऊस पडला की पुन्हा हिरवे होतात. डिसेंबरचा एक तोटा आहे. उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमाराला वरून जातो, ऊन आग्नेयेकडून तिरपं पडतं आणि डोंगराच्या वायव्य बाजूला सावली राहते. त्या काळ्या पट्ट्यांवर विश्वास ठेवू नका, तिथं पायी जा.

आणि काहीही झालं तरी दोन्ही वर्षांचा महिना एकच. एका वर्षाचा नोव्हेंबर आणि दुसऱ्या वर्षाचा मार्च लावलात तर जंगलाचा नव्हे, ऋतूचा फरक मोजाल.

कारवीचंही ध्यानात ठेवा. सात-आठ वर्षांनी ती एकदम फुलते आणि मरते. त्या वर्षी अख्खा उतार तपकिरी. परदेशातला माणूस संगणकावर बसून म्हणेल, जंगल गेलं. आपल्याला माहीत असतं.

हिरवळीचं गणित, आणि माझा फजितीचा आठवडा

पान लाल उजेड खातं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं. म्हणून अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं. येणाऱ्या आकड्याला एनडीव्हीआय म्हणतात. सेंटिनेलच्या चित्रात अवरक्ताचा पट्टा क्रमांक 8, लालाचा क्रमांक 4. क्यूजीआयएस नावाची फुकट प्रणाली आहे, तिच्यात रास्टर कॅल्क्युलेटर उघडून हे एका ओळीत होतं. दाट रान 0.7 च्या पुढं जातं, उघडी माती 0.1-0.2 च्या आसपास, पाणी शून्याखाली.

मी डिसेंबर 2019 आणि डिसेंबर 2024 लावले. उत्तर बघून हबकलो. पाच वर्षांत सगळंच करपलं होतं. गावच काय, शेजारचं दाजीपूरचं रानही 0.76 वरून 0.48 वर आलं होतं, जिथं कुऱ्हाड लागत नाही. दोन दिवस मी ते चित्र ज्याला त्याला दाखवत फिरलो. एका तरुण पत्रकाराला दाखवणार, तेवढ्यात पुतणी म्हणाली, "काका, थांबा. सगळीकडं सारखंच कमी झालंय. डोंगर सारखा मरत नाही."

झालं होतं असं. 25 जानेवारी 2022 पासून या चित्रांच्या प्रत्येक आकड्यात 1000 ची भर घातलेली असते. अगदी अंधाऱ्या जागी आकडा शून्याखाली जाऊन माहिती हरवू नये म्हणून. जुन्या चित्रात ती भर नव्हती. समजा अवरक्त 3000 आणि लाल 400. वजाबाकी 2600, बेरीज 3400, उत्तर 0.76. आता दोन्हींत हजार घाला. वजाबाकी तीच 2600, पण बेरीज 5400, उत्तर 0.48. रान तेच. ताणलेल्या कडीची गोष्ट मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो आणि स्वतःच तिला फसलो.

उपाय सोपा. चित्राबरोबर माहितीची फाइल येते, तिच्यात ही भर आहे का ते लिहिलेलं असतं. असेल तर गणिताआधी प्रत्येक पट्ट्यातून 1000 वजा करा. फक्त तारखेवर जाऊ नका, कारण जुनी चित्रंही नव्या प्रक्रियेतून काढून पुन्हा ठेवलेली सापडतात. आणि दरवेळी न बदललेली जागा तपासायला ठेवा. मी तीन ठेवल्या: अभयारण्यातलं दाट रान, धरणाचं पाणी, आणि आमच्या गावावरचा जांभ्याचा सडा. या तिन्हींचे आकडे दोन्ही वर्षांत जुळले तरच पुढं जायचं.

ऊस

कोल्हापुरात झाडं मोजायची तर आधी उसाला बाजूला काढावं लागतं. वाढलेला ऊस उपग्रहाला दाट जंगलाइतकाच हिरवा दिसतो. एका चित्रावर भरवसा ठेवलात तर पंचगंगेचं सगळं खोरं अरण्य ठरेल.

पण ऊस कधीतरी तुटतो. गळीत हंगामात आज हे शिवार, पंधरवड्यानं ते. तुटला की महिनाभर ते रान उघडं. म्हणून एक चित्र न घेता नोव्हेंबर ते मेपर्यंतची सहा-सात चित्रं घ्या आणि प्रत्येक ठिपक्याचा वर्षातला सगळ्यात कमी आकडा काढा. अंजनी, जांभूळ, आंबा, फणस वर्षभर हिरवे, त्यांचा कमीत कमी आकडाही वरच राहतो. उसाचा धाडकन खाली येतो. राहिला पानगळीच्या झाडांचा गोंधळ, तीही मार्चमध्ये खाली येतात. त्यासाठी तीन वर्षं ओळीनं बघा. ऐन-किंजळ दरवर्षी त्याच सुमाराला पानं टाकतात. उसाची तोड मात्र लावण, खोडवा आणि कारखान्याच्या पाळीप्रमाणं मागंपुढं होते. आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा ऊस तर एखाद्या हंगामात तुटतच नाही, तेव्हा एका वर्षावर निकाल देऊ नका.

ठिपके मोजा, रंग मोजू नका

आता मुख्य काम. रंगीत नकाशा काढून त्यावरचे हिरवे ठिपके मोजणं सोपं वाटतं, पण त्यात नकाशाची चूकही बदल म्हणून मोजली जाते. नकाशा कुठं बघायचं हे कळण्यापुरता वापरा. क्षेत्र काढायचं ते नमुन्याच्या ठिपक्यांवरून. हे चित्रातले दहा मीटरचे ठिपके नव्हेत, गावाच्या नकाशावर टाकलेल्या नुसत्या खुणा. देशाचं वृक्षाच्छादनही असंच नमुन्यावरून काढतात, प्रत्येक झाडापाशी कुणी जात नाही.

गावाची हद्द क्यूजीआयएसमध्ये घ्या. गावनकाशा स्कॅन करून बसवायचा तर खुणा जुन्या विहिरींच्या आणि शिवेवरच्या दगडांच्या घ्या, रस्त्यांच्या नको, रस्ते सरकतात. प्रक्षेपण, म्हणजे नकाशा सपाट मीटरांत मांडायची रीत, यूटीएम 43 उत्तर ठेवा, नाहीतर क्षेत्रफळ अंशांत येईल आणि डोकं धरून बसाल. मग हद्दीच्या आत यादृच्छिक ठिपके टाकायची आज्ञा द्या. ठिपके तुम्ही स्वतः निवडायचे नाहीत. माणूस निवडायला बसला की हात आपोआप झाडांकडं जातो.

हे ठिपके गूगल अर्थ प्रोमध्ये उघडा. तिथं जुन्या तारखांची बारीक चित्रं बघायची सोय आहे. एक ठिपका, दोन तारखा, एकच प्रश्न: बरोबर या जागी झाडाचा शेंडा आहे की नाही? वहीत दोन रकाने. तेच ठिपके दोन्ही वर्षांना, हे विसरू नका. जुनं चित्र पाच-सात मीटर सरकलेलं असू शकतं. जवळची विहीर दोन्ही चित्रांत कुठं दिसते ते बघून तेवढं सरकवून वाचा. आणि जमलं तर दुसऱ्या माणसाकडून पन्नास ठिपके पुन्हा वाचून घ्या. माझे आणि पुतणीचे पन्नासात चार जुळले नाहीत, चारही ठिकाणी मी बांधावरच्या सावलीला झाड म्हणालो होतो.

आमचं गाव साधारण 900 हेक्टर. पहिल्यांदा 200 ठिपके टाकले. 11 ठिकाणी झाड होतं ते गेलं, 5 ठिकाणी नव्यानं आलं. निव्वळ घट 6 ठिपके, 900 भागिले 200 म्हणून एका ठिपक्यामागं साडेचार हेक्टर, म्हणजे 27 हेक्टर. हे लगेच सांगत सुटावंसं वाटतं. थांबा. नमुन्यात चूक किती ते काढा. गेलेले आणि आलेले मिळून 16. फरक 6, त्याचा वर्ग 36, भागिले 200, म्हणजे 0.18. सोळातून ते वजा करा, 15.82. त्याचं वर्गमूळ सुमारे 4, दुप्पट 8. म्हणजे घट 6 ठिपके, अधिक-उणे 8. शून्य त्याच्या पोटात आहे. या मोजणीवरून घट झाली असं म्हणताच येत नाही!

मग 600 ठिपके टाकले. 33 गेले, 15 आले. घट 18. बेरीज 48, त्यातून 324 भागिले 600 म्हणजे 0.54 वजा, वर्गमूळ 6.9, दुप्पट 14. घट 18, अधिक-उणे 14. आता एका ठिपक्यामागं दीड हेक्टर. म्हणून ग्रामसभेत मी सांगितलं: पाच वर्षांत गावाची झाडी 6 ते 48 हेक्टरांच्या दरम्यान कमी झाली, बहुधा 27 च्या आसपास. सरपंच म्हणाले, "अण्णा, एक काय ते सांगा की." मी सांगितलं नाही. मोजणीत एकच आकडा सांगणारा माणूस एकतर नवखा असतो नाहीतर कुणाच्या तरी बाजूचा.

गेलं कुठं, आलं कुठून

निव्वळ आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. 33 ठिपक्यांवर मी एकेक करून गेलो. 14 निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभळीच्या कापणीचे, पुन्हा फुटतील. 9 रस्ता रुंद करताना गेलेल्या जुन्या झाडांचे. 6 उसात ट्रॅक्टर वळावा म्हणून तोडलेल्या बांधावरच्या झाडांचे. 4 वरच्या उतारावर मूळ रान साफ केल्याचे. नव्या 15 पैकी 9 काजूचे. आता सांगा, रस्त्याकडेचा शंभरीचा वड आणि तीन वर्षांचं काजूचं कलम हिशेबात एकमेकांना फेडतात का? ठिपक्यात फेडतात. म्हणून गेलेलं वेगळं, आलेलं वेगळं, आणि जात कुठली, असे तीन रकाने ठेवा.

देशाच्या अहवालातही बदलाचा तक्ता असतो, कुठल्या प्रतीतून कुठल्या प्रतीत किती गेलं याचा. तो वाचायची सवय लावा. आपला सह्याद्री ज्यात येतो त्या पश्चिम घाट पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचं दहा वर्षांचं निव्वळ नुकसान 2023 च्या अहवालात फक्त 58.22 चौरस किलोमीटर दिसतं. पण पोटात बघा: अतिदाट 3465.12 नं वाढलं, मध्यम दाट 1043.23 नं घटलं, विरळ 2480.11 नं घटलं. अठ्ठावन्नच्या त्या शांत आकड्याखाली हजारो चौरस किलोमीटरांची उलथापालथ आहे. त्यातलं किती खरोखर दाट झालं आणि किती कडेनं उघडं पडलं, ते जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

पाइप घेऊन वर जा

जागेवर सावली मोजायला महागडं यंत्र नको. दीड इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घ्या. एका तोंडाला दोन दोरे फुलीसारखे ताणून चिकटवा. बाजूला दोऱ्यानं एक नट लोंबकळत सोडा, तो ओळंबा. रानात सरळ रेषेत चालायचं, दर दहा पावलांवर थांबायचं, ओळंबा बघून पाइप सरळ धरायचा आणि फुलीतून वर बघायचं. फुलीवर पान किंवा फांदी असेल तर एक, आकाश असेल तर शून्य. असे शंभर. 46 वेळा पान आलं तर सावली 46 टक्के, म्हणजे मध्यम दाट. वाट सोपी म्हणून पायवाटेनं चालू नका, पायवाटेवर आकाश जास्त दिसतं. मान दुखते, त्याला इलाज नाही.

अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही. बाहेरच्या रानातही एकटं नको. पाइपला डोळा लावून वर बघत असताना वीस पावलांवर गवा उभा होता, आणि सोबतच्या गुराख्यानं शर्ट धरून मागं ओढलं नसतं तर माझे शंभर ठिपके बासष्टावरच थांबले असते. तो नुसता बघत होता. आम्ही उलट्या पावली आलो आणि उरलेले अडतीस दुसऱ्या दिवशी घेतले.

शेवटचं काम कंटाळवाणं, पण हेच सगळे चुकवतात. ठिपक्यांची फाइल, चित्रांच्या तारखा, हजार वजा केले की नाही, व्याख्येचं पान, कुणी वाचलं, हे सगळं एका पाकिटात घालून एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. पुढची मोजणी मी डिसेंबर 2027 च्या चित्रांवर करणार आहे, तेच 600 ठिपके. मी नसलो तर पुतणी करेल. पाइप पोटमाळ्यावर ठेवलाय, फुलीचा एक दोरा उंदरानं कुरतडलाय, तेवढा नवा ताणावा लागेल.